त्याना पैसा भेटतस का?

नंदुरबार जिल्ह्यातल्या आमच्या रनाळ्यात छंदाला मान आहे. अट एवढीच की तो डोळ्यांना दिसला पाहिजे, नाहीतर कानांना ऐकू आला पाहिजे. एखाद्याला भजनाचा नाद असेल तर अर्ध्या रात्रीपर्यंत सगळ्या गल्लीला त्याची खात्री पटत राहते. कबुतरांचा असेल तर ती वर घिरट्या घालतात आणि खाली खुणा सोडतात. व्हॉलीबॉलचा असेल तर कुणाच्या तरी पत्र्यावर पुरावा सापडतो. प्रोग्रॅमिंगच्या नादाचं मात्र तसं नाही. माणूस चार चार तास काळ्या पडद्याकडे बघत बसलेला असतो, पडद्यातून ना गाणं येतं ना मॅच, आणि मध्येच तो एकटा मूठ वळून ‘येस!’ म्हणतो. असा मुलगा घरात निघाला की घरचे आधी दृष्ट काढून पाहतात, मग एखाद्या मुलीचं प्रकरण आहे का ते पाहतात. दोन्ही नाही असं कळलं की खरी काळजी सुरू होते.

माझा पुतण्या त्यातला. बाहेरगावी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत घरी आला की ओसरीवरच्या खाटेवर लॅपटॉप मांडतो. येणारा-जाणारा थांबतो, डोकावतो.

“काय करी ऱ्हायना रे भो?”

“प्रोजेक्ट.”

“कॉलेजना?”

“नही, मना सोताना.”

मग थोडा वेळ शांतता. आणि मग तो प्रश्न, जो नंदुरबारपासून दोंडाईच्यापर्यंत कुठेही विचारला जाऊ शकतो: “त्याना पैसा भेटतस का?”

पुतण्या ‘नाही’ म्हणतो. समोरचा मान हलवतो आणि सुरतेत कामाला लागलेल्या कुणाच्या तरी भाच्याची हकिगत सांगून निघून जातो.

या प्रश्नाने पुतण्या इतका घायकुतीला आला की त्याने एक उत्तर पाठ करून ठेवलं. १९८९ सालच्या डिसेंबरात ख्रिसमसच्या सुट्टीत ऑफिस बंद होतं, वेळ जात नव्हता, म्हणून गीडो व्हान रॉसम नावाच्या डच माणसाने छंद म्हणून एक भाषा लिहायला घेतली, ती पायथॉन. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने जाहीर केलं की मी एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, नुसता छंद आहे, फार मोठं काही होणार नाही, ती लिनक्स. आणि हा प्रश्न विचारणाऱ्याच्या खिशात जो अँड्रॉइड फोन आहे, त्याच्या पोटात तेच लिनक्स चालतं. पुतण्या हे सगळं एका दमात सांगतो. ऐकणारा खिशातला फोन काढून उलटसुलट पाहतो आणि विचारतो, “मंग त्याले पैसा भेटनात का?”

तसं पाहिलं तर आमचा जिल्हा संगणकाच्या बाबतीत मागे आहे असं म्हणायची सोय नाही. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी आले होते. अब्जावर माणसांच्या त्या अवाढव्य नोंदवहीचा श्रीगणेशा पुण्या-बंगळुरात नव्हे, आमच्याकडे झाला. पुतण्या बाहेर कुणाशी ओळख करून देताना हे हमखास सांगतो. समोरचे विचारतात, “नंदुरबार म्हणजे गुजरातमध्ये ना?”

आता त्याच्या प्रोजेक्टांविषयी. पहिला कॅल्क्युलेटर. मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर असताना हा कशाला, असं मी विचारलं नाही. मोठ्या माणसाने काही गोष्टी गिळायच्या असतात. दुसरं, करायच्या कामांची यादी ठेवणारं ॲप. जगातला प्रत्येक शिकाऊ प्रोग्रॅमर हे ॲप लिहितो आणि त्या यादीत पहिलं काम ‘हे ॲप पूर्ण करणे’ असं असतं. ते काम अजून यादीत आहे. तिसरं हवामानाचं. ते मे महिन्यात ‘रनाळे: अति उष्ण’ असं दाखवायचं. आमच्या मायने ते पाहिलं, पदराने घाम पुसला आणि “बरं सांगं भो त्यानी” एवढंच म्हणाली.

चौथं मात्र त्याने मनावर घेतलं. नंदुरबार म्हणजे मिरची; इथला मिरचीचा बाजार देशातल्या मोठ्या बाजारांत धरला जातो. हंगामात शहराबाहेर पथारींवर लाल मिरची वाळत पसरलेली असते आणि रस्त्यावरून जाणारी मोटरसायकल शिंकत शिंकत जाते. तेव्हा उद्याचा मिरचीचा भाव आजच सांगणारं ॲप करायचं ठरलं. कृत्रिम बुद्धिमत्तेसकट. नऊ दिवसांचे भाव गोळा केले. ते नेमके उतरतीचे दिवस होते. यंत्राने ती उतरती रेघ इमानदारीने पुढे ओढली आणि सांगितलं की पंधरवड्यानंतर ओल्या मिरचीचा भाव क्विंटलला उणे चारशे रुपये असेल. म्हणजे मिरचीही द्यायची आणि वर व्यापाऱ्याला चारशे रुपयेही. पुतण्याला कुठे तरी चूक आहे असं वाटलं. माझ्या भावाला वाटलं नाही. २०२३ साली बार्शीच्या शेतकऱ्याला पाचशे बारा किलो कांदा विकून सगळा खर्च वजा जाता दोन रुपयांचा चेक मिळाला होता, हे त्याने वर्तमानपत्रात वाचलं होतं. “यंत्र हुशार आहे,” तो म्हणाला, “थोडं घाईत आहे एवढंच.”

मग मराठी भाषेची सेवा. एखादा शब्द उलटा करून दाखवा, हा प्रोग्रॅमिंगच्या मुलाखतीतला जुना प्रश्न. इंग्रजीत ते एका ओळीत होतं. पुतण्याने अभिमानाने गावाचं नाव टाकलं. आपल्याला रनाळे या नावात तीन अक्षरं दिसतात. यंत्राला पाच, कारण युनिकोडमध्ये काना आणि मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. उलटं करताना शेवटची मात्रा सगळ्यांच्या आधी येऊन उभी राहिली. तिला बसायला व्यंजनच नाही! अशा बेवारस मात्रेला यंत्र ठिपक्या-ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ काढून देतं, त्यावर ती बसते. जिल्ह्याचं नाव टाकलं तर ‘राबरुदंन’ असं निघालं. हे मला आवडलं. ‘राबरुदंन, सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यातून’ असं काही तरी त्यात होतं. पुतण्या मात्र तीन रात्री त्या मात्रेमागे जागला. अक्षराचे तुकडे न करता अख्खं अक्षर मोजणारी सोय जावास्क्रिप्टमध्ये आहे, ती वापरायची म्हणाला. तेवढ्यात त्याला सहावं प्रोजेक्ट सुचलं.

सहाव्याला इंटरनेट खूप लागायचं. दिवसाला दीड जीबी मिळतो, आणि ही पोरं कोणतंही काम सुरू करण्याआधी इतरांनी लिहिलेलं सामान उतरवून घेतात. पडद्यावर एक बटण दाखवायचं असलं तरी हजारो फायली. ‘नोड मॉड्यूल्स’ नावाचा एक फोल्डर आहे, तो भरायला लागला की घरातल्या बाकीच्यांचे व्हिडिओ गोल गोल फिरतात आणि वहिनी स्वयंपाकघरातून विचारते, “उतरवतोयस का रे काही?” मी एकदा म्हटलं, एवढं कशाला, स्वतः लिही की. तो म्हणाला, “काका, असं कुणी करत नाही.” कुणी करत नाही म्हणूनच २०१६ च्या मार्चमध्ये गंमत झाली होती. ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा अकरा ओळींचा एक प्रोग्रॅम, काम काय तर शब्दाच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागा भरायच्या. लिहिणाऱ्याचं साठवणाऱ्या कंपनीशी बिनसलं, त्याने रागाने आपला सगळा माल काढून घेतला, आणि जगभरातल्या हजारो प्रोजेक्टांचं बांधकाम जागच्या जागी थांबलं. भल्या भल्या कंपन्यांना डाव्या बाजूची मोकळी जागा स्वतःला भरता येईना. पुतण्याला यातून काय धडा मिळाला असेल? त्याला अकरा ओळींचा तसा एक प्रोग्रॅम लिहायचा आहे.

घरात बसून नाद पुरेना म्हणून तो मेळाव्यांना जायला लागला. यांना मीटअप म्हणतात. शनिवारी सकाळी दहाला पुण्यात मीटअप असेल तर आमच्याकडून शुक्रवारी संध्याकाळीच ट्रॅव्हल्स धरावी लागते. त्या मानाने सुरत जवळ. रनाळे तापी खोऱ्याच्या रेल्वेमार्गावर आहे आणि पॅसेंजर थांबते. त्यामुळे महाराष्ट्रातल्या या मुलाला शनिवारी सगळ्यांत सोयीचं पडतं ते गुजरात. सुरतेत त्याला महाराष्ट्राचा म्हणून हिंदीत बोलतात, पुण्यात गुजरातचा समजून हिंदीत बोलतात. भाषा टिकून आहे ती घरात, माय अहिराणीत शिव्या देते तेवढी.

एकदा मी त्याच्यासोबत गेलो. पहिला अर्धा तास ‘हॅलो, हॅलो, मागे ऐकू येतंय का?’ यात गेला. मग वक्ता उभा राहिला आणि त्याने पहिली पाटी दाखवली: ‘हू ॲम आय?’ मी सावरून बसलो. रमण महर्षींनी ‘मी कोण?’ या प्रश्नाला सारा जन्म दिला. याने तो एका पाटीत संपवला: दोन कंपन्यांची नावं, डोंगरापुढे उभा राहिलेला एक फोटो आणि ‘कॉफी आवडते’. त्यानंतर कोण कोण अमुक वापरतं, हात वर करा. कोण कोण तमुक वापरतं, हात वर करा. मी दोन्ही वेळा केला. एकट्याने खाली ठेवणं बरं दिसेना. मग प्रात्यक्षिक. प्रात्यक्षिक चाललं नाही. काल रात्री चाललं होतं, असं वक्त्याने सांगितलं आणि सगळ्यांनी इतक्या समजूतदारपणे माना हलवल्या की मला त्या मंडळींविषयी प्रेमच वाटलं. कुणी हसलं नाही. प्रत्येकाचं काल रात्री चाललेलं असतं.

दुपारी जेवताना मला उमगलं की हे मी आधी पाहिलेलं आहे. आमच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीला तापीकाठी यात्रा भरते, एकमुखी दत्ताची, आणि तिथला घोडेबाजार लांबलांबच्या राज्यांत प्रसिद्ध आहे. घोडे लाखांचे. येणाऱ्या शंभरातल्या नव्याण्णवांना घोडा घ्यायचा नसतो. ते दात बघतात, चाल बघतात, भोवरे बघतात, किंमत विचारतात, जास्त आहे म्हणतात, गेल्या वर्षी पाहिलेल्या एका घोड्याची आठवण काढतात आणि जिलेबी खाऊन घरी येतात. इथेही तेच चाललं होतं. एकमेकांची प्रोजेक्टं उघडून बघत होते, वेग विचारत होते, ‘मेमरी फार खातो’ म्हणत होते. घेणारा कुणीच नव्हता. सारंगखेड्याहून आलेल्या माणसाला रनाळ्यात कुणी विचारत नाही की त्याना पैसा भेटतस का. उलट घोडा पाहून आला म्हणून त्याच्याभोवती पारावर मंडळी जमतात. मी भावाला हे सांगून पाहिलं. तो म्हणाला, “घोडा दिसतो.”

मीटअपहून पोरं स्टिकर आणतात. लॅपटॉपचं झाकण भरलं की उरलेले घरात येतात. वहिनीने त्यातला डॉकर नावाच्या कंपनीचा, पाठीवर डबे घेऊन जाणारा देवमासा पापडाच्या डब्यावर लावला. पुतण्या म्हणाला, हे डब्यांचंच सॉफ्टवेअर आहे, एकदम बरोबर जागी लावलंस. वहिनीला वर्षभरात प्रथमच त्याचं काही तरी कळलं.

टी-शर्टचंही असंच. ‘हॅक्टोबरफेस्ट’ म्हणून ऑक्टोबरातला एक उत्सव २०१४ पासून चालतो. दुसऱ्यांच्या मुक्त प्रोजेक्टांत चार सुधारणा सुचवा आणि टी-शर्ट मिळवा, असा बरीच वर्षं नियम होता. चांगला नियम होता, पण फुकटच्या टी-शर्टपुढे नियम किती टिकणार? २०२० साली लोकांनी दुसऱ्याच्या माहितीपत्रकात एखादं ‘छान’ घुसवून त्यालाच सुधारणा म्हणायचा असा सपाटा लावला की प्रोजेक्टवाले रडकुंडीला आले आणि आयोजकांना ऐन ऑक्टोबरात नियम बदलावे लागले. या सत्कार्यात आपला देश मागे नव्हता. पुढे २०२३ साली टी-शर्ट बंद होऊन पडद्यावरचा बिल्ला सुरू झाला, आणि नेमका तेव्हा आमचा पुतण्या चार सुधारणा करायच्या लायकीचा झाला. त्याने बिल्ला घरी दाखवला. “हे बरं,” वहिनी म्हणाली, “धुवायला नको.”

हॅकॅथॉनची मात्र मला धास्तीच वाटते. या प्रकाराची सुरुवात १९९९ च्या जूनमध्ये कॅनडात कॅलगरीला झाली. ओपनबीएसडी नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमची दहाएक मंडळी एका ठिकाणी जमून आपलं अडलेलं काम करत बसली. आपल्याकडे २०१७ पासून स्मार्ट इंडिया हॅकॅथॉन सुरू झाली, सलग छत्तीस तास. पोरं अभिमानाने सांगतात, रात्रभर झोपलो नाही. अरे, आमच्याकडे रात्रीची थ्री फेज असली की गहू-हरभऱ्याला पाणी भरणारा प्रत्येक माणूस रात्रभर झोपत नाही. वर थंडी असते, दांड फुटलेला असतो आणि सकाळी प्रमाणपत्र देत नाहीत.

पुतण्या एका कॉलेजच्या हॅकॅथॉनला गेला होता. विषय शेतकऱ्यांच्या समस्या. हा विषय असला की शहरातली पोरं फार हळवी होतात. हॉलभर ड्रोन, सेन्सर आणि कोपऱ्यात हिरवं पान असलेली बोधचिन्हं. त्या सगळ्यांत एकट्या आमच्या पोराच्या नखांत खरी माती होती. पहाटे मोटर बंद करून तो तसाच गाडीत बसला होता. परीक्षकाने त्याला विचारलं, “तुमच्या टीमने फील्ड व्हिजिट केली का?” तो काय सांगणार? केली म्हणाला. पुरावा म्हणून फोटो मागितले. फोटो नव्हते. स्वतःच्या वावरात उभं राहून फोटो काढायचा असतो, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पहिला नंबर ड्रोनला गेला.

आता खरी गोष्ट सांगतो, ती पुतण्या कुणाला सांगत नाही. एका हिवाळ्यात भाऊ वैतागला होता. शेतीपंपाची वीज कधी दिवसा, कधी रात्री, पाळी फिडरप्रमाणे बदलती. आज आपल्याला दिवसाची की रात्रीची यावरून रोज संध्याकाळी चार घरांत चार मतं. पुतण्याने जेवता जेवता एक पान लिहिलं. उघडलं की मोठ्या अक्षरांत ‘आज: रात्री’ किंवा ‘आज: दिवसा’, खाली उद्याचं. इंटरनेट लागत नाही, दोन चिमट्या जागा घेतं, जुन्यात जुन्या फोनवर उघडतं. भावाने शेजाऱ्याला पाठवलं, शेजाऱ्याने मेहुण्याला. आठवड्याभरात अर्ध्या शिवाराच्या फोनवर ते गेलं. बायका त्यावरून डबा कधी करायचा ते ठरवायला लागल्या. मी पुतण्याला म्हटलं, हे टाक की सगळ्यांनी बघावं म्हणून तुझ्या त्या गिटहबवर. तो लाजला. “काका, त्यात काही नाही हो. नुसता वार बघायचा आणि शब्द दाखवायचा. लोक हसतील.” चालणारी एकच गोष्ट या पोराने केली आणि तिच्यात पुरेसं अवघड काही नाही म्हणून ती लपवून ठेवली. माझं मत विचाराल तर या सगळ्या छंदिष्टांचा हा एकच दोष मला खुपतो, बाकी त्यांची जागरणं माफ.

गावात मात्र त्या पानाने त्याची पत वाढली. मंडळाचे अध्यक्ष घरी आले. तुमचे ते मेळावे पुण्या-सुरतेत होतात, आपल्या गावात का नाही? पुतण्या हरखला. देवळाच्या सभामंडपात तारीख ठरली. बॅनर लागलं: ‘भव्य कोडिंग मेळावा’. त्यावर अकरा मान्यवर, आणि उजव्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा पुतण्या. दीपप्रज्वलन झालं. अकराही मान्यवरांना शाल-श्रीफळ झालं, राहून गेलेल्या दोघांना ऐनवेळी झालं. प्रत्येकाने ‘मला यातलं काही कळत नाही’ अशी सुरुवात केली आणि ते पुराव्यानिशी सिद्ध केलं. पुतण्याच्या वाट्याला उरली दहा मिनिटं. कृत्रिम बुद्धिमत्तेवरचं त्याचं भाषण उघडेना, कारण फोनचा दीड जीबी सकाळी मंडपात जमलेल्या पोरांनीच संपवला होता. काल रात्री चाललं होतं, असं तो म्हणाला. इथे मात्र लोक हसले.

घाबरून त्याने जे बिननेटचं सापडलं ते उघडलं. ते निघालं शब्द उलटे करणारं, तेच जुनं, अर्धवट. पुढच्या रांगेतून कुणी तरी म्हणालं, “सरपंच टाक.” टाकलं. पडद्यावर आलं: चंपरस. सभामंडप एक क्षण गप्प, आणि मग असा फुटला की कळसावरची कबुतरं उडाली. सरपंच स्वतः डोळे पुसत होते. “ग्रामसेवक टाक!” आलं: कवेसमार्ग. हा रस्ता कुठे निघतो आणि यंदा तरी डांबर पडेल का, यावर मागे चर्चा सुरू झाली. “तलाठी टाक!” तलाठ्याच्या शेवटची वेलांटी उडी मारून पुढे आली आणि बसायला अक्षर नाही म्हणून तिच्याखाली ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ. कागदपत्र अपूर्ण, असा गावाने त्याचा अर्थ लावला. मग रांगच लागली. ज्याला त्याला आपलं नाव उलटं करून हवं होतं. माय तिच्या नावाची चिठ्ठी पदरात बांधून आली होती की काय, मला माहीत नाही, पण ती दुसऱ्या नंबरला होती.

पुतण्या बिचारा माइक धरून सगळ्यांना सांगत होता की हे असं यायला नको, ही चूक आहे, यंत्र काना-मात्रा वेगळ्या मोजतं म्हणून होतंय, आज रात्री बसून मी हे दुरुस्त करतो.

“हात नको लावजो!” अख्खा सभामंडप एका आवाजात ओरडला. “शे तसंच ऱ्हाऊ दे!”